बोटाचे एकेचाळीस दिवस

भोसरीत गुरुवार म्हणजे रविवार.
शटर खाली, प्रेस शॉपच्या दारात कुत्री ऐसपैस.
अशा वारी टेंभेकरांचा फोन आला
तेव्हाच कळलं, काम साधं नाही.

'मॅडम, आपल्या शिवलिंगची पाच वर्षं कधी भरतात?'
आपल्या, म्हणाले.
माणूस काढायचा असला की तो आधी आपला होतो.

मी अकरा कारखान्यांचे कागद सांभाळते,
जे ब्लॉकमध्ये, वडेवाल्याच्या माळ्यावर.
पीएफ, ईएसआय, बोनस, हजेरीपट.
आधारवर शिवलिंग, बँकेत शिवलींग,
पीएफच्या संगणकात शिवलिंगप्पा.
या तिघांचा एक माणूस करायला
गोळीबार मैदानाच्या सात खेपा झाल्या.
पैसे मालक देतात, चहा कामगार विचारतात,
आणि मी कोणाची, ते दोघांनाही ठाऊक.

हजेरीपट काढला. रकान्याखाली पट्टी धरली.
पी पी पी पी, गुरुवारी रेघ,
नागपंचमीला दोन दिवस अक्कलकोट,
मेव्हण्याच्या लग्नाला तीन आणि एक न विचारता,
मग तिसऱ्या वर्षी, मार्चअखेरच्या घाईत,
सलग एकेचाळीस घरांत माझ्याच अक्षरात:
अपघात.

उजव्या हाताची तर्जनी, दुसऱ्या पेरापासून.
मी फॉर्म घेऊन मोहननगरच्या दवाखान्यात गेले होते.
त्याने विचारलं, बोट सापडलं का.
स्क्रॅपच्या टेम्पोत गेलं असावं, असं सुपरवायझर म्हणाला होता.
मी म्हटलं, शोधतायत.

'बारा दिवसांपूर्वीच भरली, साहेब.'
'तसं नाही हो. ते बोटाचे एकेचाळीस वजा करा ना.
म्हणजे अजून एकोणतीस दिवस आहेत आपल्याकडे.'
वजाबाकी अचूक होती.
शाळेत हुशार असणार.

'साहेब, खाडा वेगळा आणि जखम वेगळी.
बोट तुमच्या प्रेसखाली गेलं,
माणूस तुमच्या पटावरच होता.'
पलीकडचा पंखा ऐकू आला.
'मॅडम, तुम्ही आमच्या बाजूच्या ना?'
'हो. म्हणून तर फोनवर सांगतेय.
दुसरं कोणी सांगेल तेव्हा शिक्का मारून सांगेल.'

हे धाडस वगैरे नव्हतं.
कलम पाठ होतं,
आणि त्यांनी माझं दोन महिन्यांचं बिल थकवलं होतं.
थकलेल्या बिलानेही माणसाला थोडा कणा येतो.

शुक्रवारी शिवलिंग जिना चढून आला,
एफ नमुना भरायला,
जो मी पाच वर्षांपूर्वीच भरून घ्यायला हवा होता.
वारस: महानंदा. मग थांबून, आईपण घाला.
टक्के किती किती?
तो बराच वेळ खिडकीतून खाली कढईकडे बघत बसला.
निम्मं निम्मं म्हणाला. मग म्हणाला, नको, आईला चाळीस,
ती खर्चच करत नाही.
मधलं बोट पुढे करून त्याने पेन पेललं. सही आता
पहिल्या सहीशी जुळत नाही, तेही मला लिहून द्यावं लागेल.

'मॅडम, पगाराचे पैसे कळतात. बोनसचे कळतात.
हे कशाचे?'
सरकारी मराठीत उपदान. ओठांवर आलं होतं.
म्हटलं, 'राहिल्याचे.'
'नुसत्या राहण्याचेपण देतात होय!'
आणि हसत हसत, एकेक पायरी बघत उतरला.

स्टेपलर मारता मारता जयमालाने विचारलं,
'ताई, मला किती बसतील हो?'
नऊ वर्षं आहे माझ्याकडे.
लग्नाची हळद ओली असताना रिटर्न भरायला आली होती.
आम्ही माळ्यावर चौघी.
ग्रॅच्युइटीला दहा लागतात, पीएफला वीस.
पंधरा भागिले सव्वीस गुणिले नऊ,
आकडा डोक्यात तयार झाला, वजाबाकीसारखाच अचूक.

'लागू होत नाही गं आपल्याला,' मी म्हटलं.

आपल्याला, म्हटलं मी.

ती बरं म्हणाली आणि टेंभेकरांची फाइल
जागेवर ठेवायला उठली.