परांची

कुवेतच्या शुक्रवार बाजारात, ताडपत्रीवर मांडलेल्या पसाऱ्यातून
इस्माईल परकारला अर्ध्या दिनारात मिळाला खोका:
तीन काळांच्या विटा, एकमेकींत मिसळलेल्या.

खोलीवर त्यानं थाळ्यात निवडल्या, तांदूळ निवडावे तशा.
या सगळ्यात जुन्या, वाकलेल्या, विस्तवावरच्या पापडासारख्या;
तेव्हाचं प्लास्टिक अजून शिकत होतं.
या पोकळ, एकमेकींवर नुसत्या टेकणाऱ्या,
शिंक आली की भिंत जाई.
आणि या, पोटात नळ्या असलेल्या,
टच्च बसतात. सोडवताना नख मोडतं.

खिडक्या निघाल्या, हिरवं छप्पर,
उंबरा नसलेलं एक दार,
तळाशी कुंडीसुद्धा, फुलासकट.

तो पुन्हा चाळत राहिला.
इतक्या वर्षांत कुणाच्याच डोक्यात आलं नाही?
बावीस वर्षं साल्मियात तो जे बांधतो
आणि इमारत उभी राहिली की उतरवतो,
ते खोक्यात नव्हतं.

वरच्या बंकवरून तोरस्कर म्हणाला,
“पोरांचा खेळ तो. दिवा घालव.”

इस्माईलनं दात कोरायच्या काड्या घेतल्या,
दोरा घेतला, जुन्या लुंगीचा,
तीन मजल्यांभोवती परांची चढवली,
गाठी अगदी कामावरच्या.

मग एकेक वीट
आतून काढून घेतली.

परांची उभी राहिली.