घनमीटर

बायण्याच्या चढावर आमचं ऑफिस,
खाली धक्का, वर पंखा,
मधे मी, तेरा वर्षं
बिल ऑफ एन्ट्रीच्या रकान्यांत
दुसऱ्यांचा माल भरणारी.

मंगळवारी लागला चाळीस फुटी कंटेनर.
पार्टिकल बोर्ड, अठरा मिलिमीटर, सहाशे बारा तक्ते,
आयातदार इनासियो क्वाद्रूस, राहणार कुंकळ्ळी.
कागदावर सगळं गुळगुळीत,
उत्सर्जन वर्ग ई-वन.
फक्त प्रमाणपत्रावरचा लॉट संपतो चारवर
आणि तक्त्यांवरचा सातवर.

"एका आकड्यान कितें जाता गो, बाये?"
फोनवर इनासियो, मागे कुठेतरी कुत्रा भुंकतोय.
म्हटलं, पात्रांव, आकड्यानंच होतं सगळं.
नियमाला नाक नसतं,
त्याला आकडाच हुंगता येतो.

सील तोडलं तेव्हा मी होते.
दार कुरकुरलं आणि ती आली,
आधी डोळ्यांत, मग नाकात, मग घशात,
समुद्रभर कोंडून आलेली
कुठल्यातरी कारखान्याची हवा.
अधिकारी दोन पावलं मागे सरला.
हमाल हसले. त्यांना रुमाल पुरतो.

ज्या पावसाळ्यात मासळीत फॉर्मलिन असल्याची बोंब उठली
त्या पावसाळ्यात आमच्या घरात इसवण शिरला नाही.
नवऱ्याने बांगड्यांचे कल्ले उघडून उघडून पाहिले
आणि परत केले.
त्याच महिन्यात चिखलीच्या फ्लॅटमध्ये
आम्ही भिंतभर कपाट करून घेतलं
आणि आल्यागेल्याला सांगितलं,
नव्याचा वास आहे, जाईल.
धाकटीचे डोळे रात्रभर गळायचे.
डॉक्टर म्हणाले, धूळ असेल.

कपाट केलं रोहिदास मेस्तांनी, बोरीच्या.
बापाने फणस तासला, सागवान तासला,
देव्हारे, मखरं, पालखीचे दांडे.
लेक तासत नाही, कापतो.
भुसा आणि डिंक दाबून केलेलं लाकूड,
ज्याला साल नाही
आणि सालं मोजायला वर्तुळंही नाहीत.

नमुना मुंबईला गेला.
काचेच्या पेटीत तुकडा ठेवतात,
ऊब ठरावीक, ओल ठरावीक, वारा ठरावीक,
मग मोजतात, एका घनमीटर हवेत
तक्ता किती श्वास सोडतो.
एकवीस दिवस. धक्क्याचं भाडं इनासियोच्या नावावर,
शिव्या माझ्या.

बाविसाव्या दिवशी उत्तर आलं, मर्यादेत.
काठावर, पण मर्यादेत.
कारखान्याचंही पत्र आलं, सातचा चार झाला, चूक टायपिस्टची.
शिक्के मारून घेतले. माल सुटला.
नियम खोटा नाही हो.
तो नव्हता तेव्हा काय काय उतरलं या धक्क्यावर
मला माहीत आहे,
ती बिलंही मीच भरली आहेत.

पुढच्या शुक्रवारी बोरीला गेले,
कपाटाची तुटकी बिजागरी घेऊन.
पत्र्याची शेड, एक झडप,
पंखा बंद, भुसा उडतो म्हणून.
भिंतीला टेकून तीसेक तक्ते,
लॉट सातवर संपणारा.
करवत फिरली. माझे डोळे भरले.

"वास येत नाही तुम्हांला?"
त्यांनी करवत थांबवली, खरंच हुंगलं,
माझ्या समाधानासाठी पुन्हा एकदा.
"कसला?"
मग जरा वेळाने, बिजागरीकडे बघत,
"परवा बायको सुरंगीचा वळेसर माळून पुढ्यात आली.
मी विचारलं, कागदाचा आहे काय?"

प्रमाणपत्रात तक्ता आहे, काचेची पेटी आहे,
पेटीतल्या वाऱ्याचासुद्धा वेग लिहिलेला आहे.
निघताना मी शेड पावलांनी मोजली,
आठ लांब, पाच रुंद.
उंचीला काही सापडेना, तशीच मान वर करून उभी राहिले.
मेस्त म्हणाले,
"काय बाई, इथेपण कपाट बसवायचंय?"