गाळाचा पंचनामा

आठव्या दिवशी पायरी लागली.
त्याआधी नुसता गाळ,
जुन्या ऑईलसारखा काळा, नाकात बसणारा.
त्यात चपला निघाल्या, सायकलची चेन,
मागच्या साली बुडवलेल्या गणपतीचा एकटा हात,
ताजियाच्या कामट्या, चमकीचा कागद,
पितळेची घागर, बुडाला भोक पडलेली.

यारीवर मी होतो. आम्ही वडार.
दगड काढायचा, माती उपसायची,
काठावर उभं राहून कोण काय बोलतंय
त्यात कान घालायचा नाही,
एवढी एकच इस्टेट बापानं ठेवलेली.

अकराव्या दिवशी बकेटीत हाड आलं.
ढोराचं असंल म्हणून शिरपानं बाजूला भिरकावलं.
मग दुसरं आलं. मग एक जबडा,
दात इतके शाबूत
की शिरपा आपल्याच गालावरून
हात फिरवीत बसला.

दुपारपर्यंत सगळं गाव बारवेवर.
एक घोळका पिंपळाखाली, एक नाल्याच्या अंगाला,
मधी दोन होमगार्ड आणि चहाची किटली.
हे म्हणाले, रझाकारांनी टाकलेली आमची माणसं.
ते म्हणाले, पोलीस ॲक्शननंतर टाकलेली आमची.
ह्यांनी तीन नावं सांगितली, त्यांनी पाच.
नावं दोन्हीकडची खरी होती.
दोन्हीकडं अशी घरं अजून आहेत,
दार विटांनी बुजवलेलं, आत नुसती बाभळ.

उदगीरहून डॉक्टर आले, कोवळे, नाकाला रुमाल.
म्हणाले, तीन जण असावेत, कदाचित चार.
एक बाई. एक लेकरू, सात-आठ वर्षांचं.
"जमात?" जमादारानं विचारलं,
पेन रकान्यावर टेकवून.
डॉक्टरांनी फॉर्म उलटा करून पाहिला, परत सुलटा केला.
"तेवढं रिकामं सोडा."

जाळायचं का पुरायचं, यावर दिवस कलला.
आवाज चढले. एका पोरानं दगड उचलला.
दगड बारवेचाच, मीच वर घेतलेला,
त्यावर कमळ कोरलेलं.
जड लागला त्याला. छातीपर्यंत आला, वर जाईना.
खाली ठेवला आणि तळहात पुसले.
असाही कधी दंगा टळतो.

मग सोजरबाईला आणलं, मोटारसायकलवर
दोघांच्या मधी बसवून.
तव्हा नऊ वर्षांची होती.
त्या सालातली गावात एवढीच उरलीय.
"सांग आज्जी, कुणाची?"
तिनं पोत्याकडं पाहिलं. युरियाचं पोतं होतं.
म्हणाली, "पाणी गोड व्हतं हिचं.
त्या भादव्यापून मायनं इथून भरायचं सोडलं.
बशीरनच्या मायनंबी.
दोघी संगं जायच्या नाल्यात झिरा उकरायला,
संगं यायच्या. मी मागून, तांब्या घिऊन.
एकमेकीला काईच इचारीत नव्हत्या."
पुन्हा विचारलं. पुन्हा, जरा दरडावून.
"मला घरी न्या," ती म्हणाली, "लघवीला लागलंय."

पोतं आता ठाण्यात आहे, मालखान्यात.
त्याला नंबर पडलाय.
वरच्या फळीवर मिरवणुकीत जप्त केलेल्या तलवारी.
दर सणाआधी शेजारच्या खोलीत
शांतता समितीची बैठक होते.
जबाबावर सही करायला गेलो तेव्हा एक ऐकली.
सर्वांनी सहकार्य करावे, असं ठरलं.
बिस्किटं बरी होती.

पंधरवड्यानं यारी सोडायला गेलो, लेक बरोबर.
तळाशी पाणी होतं, वीतभर, नितळ.
कोपऱ्यातल्या कपारीतून येत होतं,
काम बंद आहे हे त्याला कुणी कळवलेलं नसावं.
पोरगी पायऱ्या उतरून गेली.
खालून विचारलं, "बाबा, पिऊ?"

दोराला गाठ बसली होती.
मी ती सोडवत राहिलो.
तिची ओंजळ भरलेली होती
आणि बोटांतून गळत होती.