पेटी

तारीख ठरेना.
हेमांगीला दहा मे जमत नव्हती, गुरुनाथला सतरा.
रेमंड म्हणाला, सगळ्यांनी पांढरं घालायचं,
त्यावरच दोन दिवस गेले.
यशोधराने यादी केली: टेबलफॅन, पत्ते, पन्हं,
साखरवाल्यांचं वेगळं.
साखरवाले सातांपैकी पाच.
सेक्रेटरी म्हणाले, गच्ची दहापर्यंत, स्पीकर नाही.

मी मात्र तुर्भ्याच्या बाजारातून पेटी आणून बसले होते,
पलंगाखाली, गवतात, चार डझन.
तारीख ठरण्याआधी कुणी आंबे आणतं?

रात्री वास यायचा.
आधी जेमतेम, मग पडद्यांना, मग उशीला.
अंधारातच हात घालून चाचपायचे,
देठाशी मऊ लागलेले वर काढायचे.
नेरूळच्या खाडीवरचे पाहुणे पक्षी निघून गेले,
ग्रुपवर अजून मतदान चालू:
चोवीस की एकतीस?

मंगळवारी एकावर काळा डाग दिसला.
लिहिलं: आंबे थांबत नाहीत. आज या.

आले.
गुरुनाथ ऑफिसच्या बुटांत,
हेमांगी डोक्यावर मेंदी, मेंदीवर प्लास्टिकची पिशवी.
रेमंड चक्क पांढऱ्यात, एकटाच;
दुसऱ्या आंब्यापर्यंत राहिला पांढरा.
टाकीच्या भिंतीला टेकून
आम्ही कोपरापर्यंत पिवळे झालो.
पत्ते खालीच राहिले.
साखरेचा विषय कुणी काढला नाही,
यशोधराने फक्त विचारलं, गोळी घेतली ना?
सगळ्यांना मिळून एकदाच.

दहाला सेक्रेटरी वर आले.
त्यांच्या हातात एक दिला.
उभ्याउभ्याच खाल्ला त्यांनी,
रस मनगटावर उतरला,
घड्याळाच्या काचेवरून
खाली.