दोन शिट्ट्या

"रोज घेतोस ना, शाबा?" डॉक्टरीणबाई विचारतात.
खच्चून भरलेल्या बसमध्ये
'मागे जागा आहे' म्हणताना हलवतो
तशी मी मान हलवतो.

आता खरं.
कुडचडे–मडगाव, केपेमार्गे, दिवसाच्या आठ फेऱ्या.
एक शिट्टी माझ्या तोंडात, दुसरी छातीत.
तोंडातली एकदा वाजली की थांबायचं,
दोनदा वाजली की निघायचं.
छातीतली रात्री तीनला वाजत राहते,
कुणी चढत नाही, कुणी उतरत नाही,
सुकांती फक्त उठून दिवा लावते.

निळा पंप मी घेतो, बाई. निळ्याबद्दल तक्रार नाही.
हाक मारली की येतो.
केशरीचं मात्र जमत नाही.
सकाळी दोन, रात्री दोन,
आणि तेही काही झालेलं नसताना!
म्हणजे रिकाम्या सीटचं तिकीट फाडायचं रोज.
मालक विचारील, पैसे कोणी भरले?

मिंगेल, आमचा ड्रायव्हर, म्हणतो, सवय लागते रे.
त्याचा मावसा तीस वर्षं ओढत होता, पंपानेच गेला.
मावसा ब्याऐंशीचा होता,
हे तो गिअर बदलताना गिळतो.

आणि मग थोरलीला पाहायला आले, त्या दिवशी
सुकांतीने दोन्ही पंप तांदळाच्या डब्यात पुरले.
बापाचा दमा पोरीच्या पत्रिकेत नको.
सोयरीक जुळली. आठवड्याने डब्यातून काढला,
घाईत टोपण न बघता ओढला,
तर उकड्या तांदळाचा दाणा घशात!
खोकता खोकता हसलो, हसता हसता पुन्हा खोकलो.
ती मात्र हसली नाही.

आणखी एक. गेल्या पावसात महिनाभर
मी रिकामाच ओढत होतो.
फुस्स वाजायचं, म्हणून भरलेला वाटायचा.

खाणी बंद आहेत म्हणतात.
धूळ अजून कामावर येते,
तिळामळच्या उतारावर खिडकीतून चढते,
तिला तिकीट मागणार कोण?

पारोड्याला एक पोर चढते, तिसरी-चौथीतली,
दप्तर तिच्यापेक्षा जड.
बसल्या बसल्या एक जाड नळी काढते, तिला पंप जोडते,
दाबते, ओढते, श्वास कोंडून बोटं उघडते.
शेजारी सांतान मासेवाली, पाटी पायाशी,
बांगडे मोजावेत तशी मोठ्याने मोजते:
सात... आठ... नऊ...
अख्खी बस गप्प.
दहाला पोर बाटलीतलं पाणी तोंडात खळबळवते
आणि खिडकीबाहेर थुंकते, थेट एका स्कूटरवर.
स्कूटरवाल्याच्या शिव्या, सांतानच्या उलट शिव्या,
आणि मी दारात उभा,
नऊपासून कोंडलेला श्वास तसाच धरून.

त्या रात्री केशरी घेतला. दोन.
दुसऱ्या दिवशीही.
तिसऱ्या दिवशी छान वाटलं
आणि छान वाटलं म्हणून राहिला.
हे असंच चाललंय, बाई,
चार दिवस धावते, पाचव्या दिवशी डेपोत.

"रोज घेतोस ना?" बाई पुन्हा विचारतात.
मी मान हलवायला जातो
आणि ती या वेळी
जरा आडवीच हलते.

बाई पेन खाली ठेवतात.
एक शिट्टी.