पाण्याला एकच स्वर

इताउग्वा गाव, दुपारचे अडीच.
उन्हानं तांबडी माती आणखी तांबडी.
देओलिंदाबाईंनी खुर्ची सरकवली आंब्याखाली
(होय, आंबाच. इथं तो रस्तोरस्ती गळतो)
आणि म्हणाल्या, पाराग्वाय नंतर बघ, आधी बस.

उखळात मुळं-पानं ठेचल्याचा आवाज.
बर्फाचं पाणी, शिंगाचा पेला,
त्यात येर्बाचा हिरवा चुरा,
धातूची एकच नळी, तोंडं सहा.
ओतायचं काम नातवाकडे, तासियोकडे:
भरतो, देतो, रिकामा परत घेतो,
पुन्हा भरतो, पुढच्याला.
उष्टं नावाची गोष्ट
या अंगणात कुणी शोधून काढलेलीच नाही.

माझी पाळी आली. गवत, पुदिना,
कडू काहीतरी, ज्याचं नाव विचारायचं राहिलं.
आणि मी शहाण्यासारखा म्हणालो, "ग्रासियास."

पेला फिरत राहिला.
हेनारो, निदिया, देओलिंदाबाई,
मला टाळून पुन्हा हेनारो.
एक फेरी गेली. दुसरी गेली.
मी घसा खाकरला.
तेव्हा हेनारोकाका असे हसले
की नळी दातावर आपटली:
"अरे, आभार मानले की उठायचं असतं.
पुरे झालं, असा अर्थ होतो त्याचा."

देओलिंदाबाई हसल्या नाहीत. टाके मोजत होत्या.
चौकटीत ताणलेलं कापड, त्यावर सुताचं चाक,
मधून निघालेले आरे. न्यांदुती,
म्हणजे कोळ्याचं जाळं.
"हे पेरूचं फूल. हे वारूळ.
आईनं शिकवलं, तिला तिच्या आईनं.
त्यापलीकडे आमच्यात पुरुषांची नावंच नाहीत.
लढाईत गेले."
लढाई अशी म्हणाल्या, जणू मागच्या मंगळवारी;
झाली दीडशे वर्षांपूर्वी.
पलीकडे तीन देश, आणि अलीकडे शेवटी शेवटी
दाढ्या चिकटवलेली पोरं, असं सांगतात.
मग बायांनीच नांगर धरला,
बायांनीच उरलेल्यांना भाषा भरवली.

तीच चाललीय अंगणात, ग्वारानी.
भाव स्पॅनिशमध्ये, घासाघीस हिच्यात.
शिवी हिच्यात, लाड हिच्यात.
पाण्याला तर हिच्यात एकच स्वर:
इ नाही, उ नाही, घशामागे कुठेतरी अडलेला,
देवनागरीत त्याला अक्षर नाही.
तासियोनं तेरा वेळा म्हणवून घेतला
आणि तेराही वेळा मी कोरडाच.

समुद्र नाही या देशाला, आरमार आहे.
झेंड्याच्या दोन बाजूंना दोन चित्रं.
"एका बाजूनं बघून आम्ही कळत नाही," निदिया म्हणाली,
आणि 'आम्ही'ला शब्द वापरला, ओरे.
ओरे: आम्ही, तुला सोडून.
न्यांदे: आपण, तुला धरून.

मी दचकलो. मला वाटायचं
हा भेद घरातून येताना
मी एकट्यानंच खिशात घालून आणलाय.

बर्फ संपला. चिपावाली आली,
टोपलीतून बडीशेपेचा ऊन वास.
देओलिंदाबाईंनी एक कडं मोडलं
आणि तुकडे वाटता वाटता काहीतरी म्हणाल्या.
त्यात ओरे होतं की न्यांदे,
कुत्रं भुंकलं, ऐकू आलं नाही.
तुकडा मात्र माझ्यासमोर आला.

या वेळी मी गप्प राहून घेतला.