तिसऱ्या खांबाकडची जागा

वेंगुर्ल्यात तहसील कचेरीला लागून, पत्र्याच्या शेडखाली
माझं टेबल. टेबलावर टाइपरायटर.
खाऱ्या वाऱ्याने त्याची क्षची कळ गंजून बसलीय,
म्हणून माझ्या प्रत्येक कागदात
साक्षीदारातला क्ष हाताने काढलेला असतो.

लोक विचारतात, मी सांगते.
नाही, स्टँप पेपर लागत नाही, साधा कागद चालतो.
नोंदणी सक्तीची नाही. केलीत तर बरी.
साक्षीदार दोन, तुमची सही होताना पाहिलेले.
ज्याला मिळणार त्यालाच साक्षीला बसवू नका.
नॉमिनी म्हणजे मालक नव्हे हो काका,
पैसे आधी ज्याच्या हातात पडतात, तो.
मुलीला? आहे. भावाइतकाच. लग्न झालेलं असलं तरी.
इथे समोरचा भाऊ चष्मा काढून पुसत बसतो.

उभादांड्याच्या इनास फर्नांडिसच्या सातबारावर
एकेचाळीस नावं. त्यातली सव्वीस मेलेली,
उरलेली एकमेकांशी न बोलणारी.
जमीन म्हणजे सहा माड आणि विहिरीची बारी,
पाच दिवसांतून एकदा, तीही दुपारनंतर.
"ही बारी कुणाला लिहू?"
मी म्हटलं, आधी मेलेल्यांना उतरवून घ्या.

आरोंद्याच्या शरीफाबींना सांगितलं,
तुमच्यात तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच लिहून देता येतं,
जास्त द्यायचं तर वारसांनी हो म्हणायला हवं.
"ते कशाला हो म्हणतील?" त्या हसल्या.
"तिसरा तर तिसरा. जिने पाय चेपले तिला."

आणि एका मंगळवारी, बाजार उठल्यावर,
रिकामी पाटी दाराशी ठेवून
भागीरथी तांडेल आत आली.
"माका मृत्युपत्र करूचा आसा."
घर? झिलाच्या नावार.
दागिने? होडयेक घातले, होडी बुडाली.
मग काय देणार आजी?
"जागा. मासळी बाजारात, तिसऱ्या खांबाकडची.
चाळीस वर्सां बसतंय.
सुनेक लिव. सुगंधाक.
झिलान तेका सोडल्यान. मी सोडूक नाय."

मी सांगितलं, जसं सगळ्यांना सांगते:
जे आपल्या नावावर नाही ते देता येत नाही.
जागा नगरपरिषदेची. तुम्ही रोजची पावती फाडता,
पावतीने मालकी येत नाही.
हा कागद कोर्टात एक दिवस टिकणार नाही.

तिने ऐकून घेतलं. पदराने मान पुसली.
"कोर्टात कोण जाताहा? तू लिव."

लिहिलं.
पूर्वेला खांब. पश्चिमेला रखमा कोयंडेची पाटी.
दक्षिणेला गटार. उत्तरेला गिऱ्हाईक.
साक्षीला शेजारचा झेरॉक्सवाला आणि चहावाला दामू.
दोन क्ष हाताने काढले.
तिने अंगठा टेकला, आणि शाईच्या ठशात
एक खवला चिकटून राहिला, बांगड्याचा की पेडव्याचा
मला कळलं नाही. मी तो काढला नाही.
पैसे घेतले नाहीत असं सांगायला आवडलं असतं.
घेतले. साठ रुपये, ओलसर.

पुढच्या श्रावणात ती गेली.
मासळी बंदच होती, म्हणून कुणाला लवकर कळलंही नाही.

नारळी पौर्णिमेनंतर बाजारात गेले तर
तिसऱ्या खांबाकडे सुगंधा,
हात अजून सुरीला न सरावलेले.
कागद दाखवलास का कुणाला?
"रखमामावशीन मागितल्यान.
वाचूक येणा नाय तेका. उलटो धरल्यान, बघल्यान,
आणि पाटी वीतभर सरकवल्यान."

एवढ्यात पावतीवाला आला.
तिने दहाची नोट दिली. त्याने वर न बघता,
चाळीस वर्षांच्या सवयीने नाव लिहिलं:
भा. तांडेल.
सुगंधाने पावती वाचली, घडी केली,
कमरेला खोचली, आणि मला म्हणाली,
"सुंगटां घेतलास? ताजी आसत."